सह्याद्री चढायचा कधी?

पहिला पाऊस पडला की गडांच्या वाटा माणसांनी फुलून जातात. हिरवे डोंगर, धबधबे, धुकं यांचा मोह पडणारच. तरीही माझं मत स्पष्ट आहे: जुलै हा अवघड गडांचा महिना नव्हे.

सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून घडला. दोन थरांच्या मधे बऱ्याच ठिकाणी लाल, मातकट पट्टा असतो. घाटरस्त्याच्या कापलेल्या दरडीत तो सहज दिसतो. पाणी लागलं की हा पट्टा मऊ पडतो. उतारावरची मातीही पाणी पिऊन जड होते आणि तिचा कातळावरचा धर सुटतो. माळीणची दरड ३० जुलै २०१४ ला कोसळली, तळीयेची २२ जुलै २०२१ ला, तर इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडीची १९ जुलै २०२३ च्या रात्री. महिनाभर भिजलेल्या डोंगरावर त्या दिवसांत मुसळधार पाऊस झाला होता.

ओढ्यांचंही तेच. उभ्या कातळावर पाणी मुरत नाही, ते धावतं. माथ्यावर सर कोसळली की खाली पाऊस नसतानाही ओढा फुगतो. सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारी वाट अडवून बसतो.

सप्टेंबरात सोनकी फुलते. ती पाहायला पठारावर जावं, कड्यावर नको. ऑक्टोबरात आभाळ मोकळं होतं, पण जमीन अजून ओली असल्याने हवा दमट राहते आणि ऊन अंगावर येतं. हा उकाडा ओसरला की फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. कोरीव पायऱ्यांवरचं शेवाळ वाळून पापुद्र्यासारखं सुटलेलं असतं, पाऊल घट्ट बसतं. टाकीही भरलेली असतात. उघडं टाकं उन्हाने लवकर आटतं, तर कातळाच्या पोटात खोदलेल्या खांबटाक्यात सावलीमुळे पाणी टिकतं. कोणत्या टाक्यात पिण्याजोगं पाणी आहे, हे पायथ्याच्या गावात विचारूनच निघावं.

थंडीत मुक्काम करताना तंबू ओढ्याकाठच्या खोलगटात लावू नये. रात्री गार, जड हवा उतारावरून तिथेच साचते. थोड्या उंचावर ऊब जास्त.

मार्चनंतर काळा कातळ तापतो. जायचंच तर पहाटे निघून ऊन चढायच्या आत माथा गाठावा. आग्या मोहोळं लटकलेल्या कड्याखाली धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा पूर्ण टाळावा.