मेंदी आणि नीळ : पांढऱ्या केसांवर रंग टिकवायचा, तर पाकिटं दोनच हवीत



बांधावर मेंदी असलेले शेतकरी आणि पावडरचं काम करू पाहणारे महिला गट, आजचा मेसेज तुमच्यासाठी आहे. पांढरे केस काळे करणारी पावडर घरच्या पाल्यापासून बनवता येते. पण महिन्या-दोन महिन्यांत पावडर 'मरते', गिऱ्हाईक परत येत नाही आणि मग कुणीतरी त्यात काळी पावडर मिसळायचा सल्ला देतं. धंदा बुडतो तो इथे. म्हणून रंग कशाने टिकतो ते आधी समजून घ्या.

*मेंदी एकटी केस काळे करत नाही*
मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, साधारण १ ते २ टक्के. ते केसातल्या प्रथिनाला घट्ट धरतं, म्हणून धुतलं तरी जात नाही. पण पांढऱ्या केसावर त्याचा रंग नारिंगी-तांबडाच येतो. काळ्यासाठी त्यावर निळीचा थर लागतो.

इथे नीळ म्हणजे निळीच्या झाडाचा पाला. *कपड्यांना घालतो ती नीळ नव्हे.* ती वेगळी वस्तू, केसांना चुकूनही लावू नका.

*नीळ म्हणजे विरजणासारखा मामला*
निळीच्या हिरव्या पानात निळा रंग तयार नसतो. असतो तो इंडिकन नावाचा बिनरंगी पदार्थ. पाणी लागलं की पानातलंच एन्झाइम त्याला फोडतं आणि हवा लागली की निळा रंग बनतो. हा निळा रंग पाण्यात विरघळत नाही. म्हणजे तो केसात शिरल्यावर तयार झाला तर टिकतो, पोत्यातच तयार झाला तर वाया गेला. विरजलेलं दूध जसं परत दूध होत नाही, तसंच हे.

म्हणून टिकाऊ पावडरचं सगळं गुपित एकाच शब्दात आहे : *कोरडेपणा.*

१) पाला फुलोऱ्याच्या सुमारास काढा. दव उडाल्यावर तोडा, धुतला असेल तर पाणी पूर्ण निथळू द्या.
२) ओल्या पाल्याचा ढीग नको. तो आतून तापतो आणि निळा-काळा पडतो. सावलीत, वारा लागेल असा पातळ पसरा.
३) पान चुरगळलं की कडकड मोडलं पाहिजे. वाकलं तर अजून ओल आहे.
४) मिरची-हळदीच्या चक्कीवर दळू नका. दळताना पावडर गरम झाली तर चक्की थांबवा, कारण जास्त उष्णतेने एन्झाइम मरतं.
५) मलमलीतून गाळा. जाड पावडर केसातून लवकर सुटत नाही.
६) पारदर्शक पिशवी नको. फॉइलच्या पाकिटात हवाबंद सील करा. पावसाळ्याच्या दमट हवेत भरणी टाळा.

*पाकिटं दोन का?*
मेंदीला वेळ हवा. साध्या पाण्यात, हवं तर थोडा लिंबूरस घालून, रात्रभर भिजवली की रंग सुटतो. निळीचं उलट. तिला नुसतं कोमट पाणी, लिंबू-दही अजिबात नाही, उकळतं पाणीही नाही. १०-१५ मिनिटांत लेप तयार होतो आणि लगेच लावावा लागतो. दोन्ही एकाच पाकिटात भरून रात्रभर भिजवलं तर मेंदी रंगते, पण नीळ सकाळपर्यंत संपलेली असते.

काळ्या रंगासाठी आधी मेंदी, साधारण दोन तास, मग साध्या पाण्याने धुवून निळीचा लेप तास-दीड तास. तपकिरी हवा असेल तर भिजलेल्या मेंदीत ऐन वेळी नीळ कालवून लावायची. नुसती नीळ लावली तर पांढरा केस निळसर दिसतो. पहिल्या दिवशी हिरवट झाक आली तरी घाबरायचं नाही. हवा लागून एक-दोन दिवसांत रंग गडद होतो. तोवर शाम्पू नको. हे सगळं पाकिटावर मराठीत छापा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

*पावडर जिवंत आहे का, घरीच बघा*
चमचाभर नीळ कोमट पाण्यात कालवा. आधी हिरवट दिसेल आणि १०-१५ मिनिटांत वरचा थर निळा-जांभळा होईल. नाही झाला तर ती पावडर विकू नका. मेंदी पेलाभर पाण्यात टाका. तळाशी वाळू बसली किंवा पाणी भडक हिरवं झालं तर भेसळ समजा.

*एक्स्पायरी अंदाजाने छापू नका.* प्रत्येक बॅचची काही पाकिटं बाजूला ठेवा. दर महिन्याला एक फोडून पांढऱ्या लोकरीची लड रंगवा. लोकरही केसासारख्याच प्रथिनाची असते. वेळ आणि प्रमाण दर वेळी तेच ठेवा. लडी तारखेसह पुठ्ठ्यावर चिकटवा. रंग फिका पडलेला महिना पुठ्ठाच दाखवेल. मुदत त्याच्या बरीच अलीकडची धरा.

*काळी पावडर घालू नका*
"चिमूटभर टाका, अर्ध्या तासात काळं" असं सांगून जे देतात ते बहुधा पीपीडी असतं, म्हणजे पॅराफिनिलीनडायमिन. रासायनिक डायमध्ये ते ठरलेल्या मर्यादेत, लेबलवर लिहून वापरतात. पण तुम्ही अंदाजाने मिसळलं आणि वर 'शुद्ध मेंदी' लिहिलं, तर ती फसवणूक आहे. ॲलर्जी असलेल्याच्या टाळूला फोड येतात, चेहरा-डोळे सुजतात. पोटात गेलं तर जीवावर बेततं. एका पाकिटापायी साऱ्या गटाचं नाव जाईल.

*विकण्याआधी परवाना*
केसांचा रंग हे कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे. कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे बनवून विकायला परवाना लागतो. आपल्याकडे तो अन्न व औषध प्रशासन देतं. स्वतःचं युनिट नसेल तर परवानाधारक कारखान्यात 'लोन लायसन्स'वर माल बनवता येतो. नुसता सुका पाला विकायचा असेल तर भाव कमी, पण जोखीमही कमी. लेबलवर बॅच नंबर, तारीख, आधी त्वचेवर चाचणी घ्या आणि भुवया-पापण्यांना लावू नका ही सूचना हवीच.

*सुरुवात किती करायची?*
उभं पीक मोडून मेंदी लावू नका. आधी बांध आणि पडीक कडा. मेंदी बहुवर्षायू आहे, कमी पावसात तग धरते. नीळ शेंगवर्गीय आहे, मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देते. मात्र राजस्थानातलं सोजत मेंदीसाठी आणि तमिळनाडूतलं तिंडिवनम निळीसाठी आधीच नावाजलेलं आहे. त्यांच्याशी ढिगाऱ्यात नाही, ताज्या आणि भेसळ नसलेल्या मालातच आपण टिकू.

पाल्याचा मूठभर नमुना कोरड्या डब्यात घालून संकलन केंद्रावर आणा, तिथेच पाण्यात कालवून बघू. शंका असेल तर याच नंबरवर व्हॉइस मेसेज टाका. हा मेसेज आपल्या गटातल्या ताईंपर्यंत नक्की पोहोचवा.