आधी कोण वाकतं?

गिटार छेडायचा पिक तारेला टेकतो, तिला किंचित ओढतो आणि निसटतो. पापणी लवायच्या आत हे सगळं उरकतं, आणि स्वर भरदार निघणार की बारीक, मऊ की धारदार, याचा बराचसा निकाल तेवढ्यात लागलेला असतो. ही क्रिया मुद्दाम सावकाश करून बघण्यासारखी आहे. पिकचं टोक सर्वांत बारीक तारेवर ठेवायचं आणि मनगट हळूहळू खाली न्यायचं. पिक पातळ असेल तर तार जागची फारशी हलत नाही. पिकच वाकत जातो आणि त्याचं टोक तारेवरून घसरून खाली उतरतं. पिक जाड असेल तर तो सरळ राहतो आणि तार बाजूला सरकत जाते. आधी कोण वाकतं, पिक की तार? पिक निवडताना विचारायचा मुख्य प्रश्न हाच आहे, आणि तो असा डोळ्यांनी बघता येतो.

मी गिटार शिकवतो. नव्या विद्यार्थ्याचा सुरुवातीचा एक प्रश्न ठरलेला असतो, ‘सर, पिक कुठला घेऊ?’ गिटार घेताना घरच्यांनी चार दुकानं पालथी घातलेली असतात, लाकडाची चौकशी केलेली असते, ओळखीतल्या एखाद्या वादकाला सोबत नेलेलं असतं. पिक मात्र निघता निघता, रंग आवडला म्हणून उचललेला असतो. वीस-तीस रुपयांच्या वस्तूचा एवढा विचार कोण करणार? पण उजव्या हाताचा सगळा रियाज त्या तुकड्यातूनच तारेपर्यंत पोचतो. म्हणून मी लगेच उत्तर देत नाही. गिटार कुठली आहे, तिच्यावर तारा किती जाडीच्या आहेत आणि दिवसातला जास्त वेळ तू वाजवतोस काय, हे आधी विचारून घेतो.

तारांपासून सुरुवात करू. अकूस्टिक गिटारवर बहुधा १२ ते ५३ असा संच चढवलेला असतो. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागातले. म्हणजे पहिली तार सुमारे ०.३० मिलिमीटर जाडीची, तर सहावी १.३५ मिलिमीटरची. इलेक्ट्रिक गिटारवर १० ते ४६ चा संच सर्रास दिसतो. त्यातली पहिली तार ०.२५ मिलिमीटरची. अर्ध्या दशांश मिलिमीटरचा हा फरक बोटाला जेमतेम जाणवतो. पण एकाच लांबीच्या तारेतून एकच स्वर काढायचा असेल, तर तिला द्यावा लागणारा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तारेची मोकळी लांबी साडेपंचवीस इंच असलेल्या गिटारवर वरचा ‘ई’ लावायला १० ची तार सुमारे सव्वासात किलोच्या ताणाने ओढावी लागते, तर १२ ची साडेदहा किलोच्या. इलेक्ट्रिकवर भक्कम वाटलेला पिक अकूस्टिकवर घेतला की नरम का वाटतो, ते यावरून कळतं. पिक तोच असतो, समोरची तार जास्त हट्टी झालेली असते.

पिकच्या बाजूचं गणित याहून तीव्र आहे. पातळ पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. एकाच प्लास्टिकचे दोन पिक घेतले, एक अर्ध्या मिलिमीटरचा आणि दुसरा एक मिलिमीटरचा, तर दुसरा आठपट ताठ असतो. जिम डनलॉप कंपनीचे १९८१ साली आलेले टॉर्टेक्स पिक रंगावरून ओळखता येतात: लाल ०.५० मिलिमीटरचा, नारिंगी ०.६०, पिवळा ०.७३, हिरवा ०.८८, निळा १.०० आणि जांभळा १.१४. पिवळ्यावरून हिरव्यावर गेलं की जाडी वाढते फक्त ०.१५ मिलिमीटर, पण ताठपणा जवळजवळ पावणेदोन पट होतो. दोन्ही पिक चिमटीत धरून बघितले तर फरक सांगणं कठीण. तारेवर फिरवले की मनगट लगेच सांगतं.

आता वाजवण्याकडे येऊ. शिकायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांना गाण्याला साथ करायची असते. अकूस्टिक गिटार, चार-पाच कॉर्ड्स आणि हात वर-खाली. इथे पिकला एका झटक्यात सहाही तारा ओलांडायच्या असतात. खाली जाताना जाड खर्जाच्या तारा आधी भेटतात, वर येताना बारीक तारा आधी. पिक ताठ असेल तर तो जाड तारांत अडखळतो, बारीक तारांवर आदळतो आणि नवशिक्याच्या हातातून फिरून वाकडा होतो. ०.५० ते ०.७३ च्या आसपासचा पिक अशा वेळी स्वतः वाकून वाट काढतो. सहाही तारा जवळजवळ सारख्या जोराने वाजतात आणि वर एक बारीकशी टिकटिक येते. ही टिकटिक पिकच्या परत सरळ होण्याची असते, आणि साथीत ती तालाला मदतच करते. त्याची किंमतही मोजावी लागते. पातळ पिक हाताचा जास्तीचा जोर स्वतःच्या वाकण्यात गिळून टाकतो. धृपदाला जोर वाढवायचा म्हणून कितीही कसून हात मारला, तरी एका मर्यादेपुढे आवाज चढत नाही, फक्त खडखड वाढते. माझा एखादा विद्यार्थी ‘गिटार दबकी आहे’ अशी तक्रार करतो, तेव्हा मी आधी त्याच्या हातातला पिक बघतो.

एकेक स्वर वाजवायचा असेल तर उत्तर उलटं होतं. सोलो वाजवताना हात तारेवर खाली आणि वर असे आलटून पालटून आघात करतो. प्रत्येक आघातानंतर पिक वाकून पुन्हा सरळ व्हायची वाट बघावी लागली, तर लय वाढली की हात आणि स्वर यांच्यात फट पडायला लागते. इथे तारेने वाकायला हवं. म्हणून जलद वाजवणारे बरेच वादक एक मिलिमीटरच्या पुढचे पिक धरतात. डनलॉपचा ‘जॅझ थ्री’ हा छोटा, टोकदार नायलॉनचा पिक १.३८ मिलिमीटरचा आहे आणि नाव जॅझचं असलं तरी रॉक वादकांत तो फार लाडका आहे. जँगो राइनहार्टच्या वळणाचं जिप्सी जॅझ वाजवणारे तर तीन-चार मिलिमीटरचे जाडजूड पिक वापरतात, कारण त्यांना अकूस्टिक गिटारमधूनच सोलो सगळ्या मैफलीला ऐकवायचा असतो. ताठ पिकमधून हाताचा जोर जसाच्या तसा तारेत उतरतो. हलका हात हलका ऐकू येतो, जड हात जड. त्यामुळे कच्चा हातही लपत नाही. तरीसुद्धा सोलो शिकणाऱ्याने जाड पिक लवकर हातात घ्यावा असं मला वाटतं, कारण मनगट सैल ठेवायला तोच शिकवतो.

जाडीनंतर टोक. पिकने ओढलेली तार क्षणभर त्रिकोणाच्या दोन बाजूंसारखी दिसते, आणि त्रिकोणाचा कोपरा असतो पिकपाशी. कोपरा जितका तीक्ष्ण, तितके स्वरातले वरचे उपस्वर जास्त उमटतात आणि आवाज चमकदार होतो. गोल टोक तो कोपरा बोथट करतं, मग स्वर गोलसर आणि जाडसर येतो. नेहमीच्या तिकोनी पिकला एक अणकुचीदार टोक आणि दोन गोल खांदे असतात, म्हणजे एकाच तुकड्यात दोन आवाज मिळतात. गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन पिक उलटा धरून गोल खांद्याने वाजवायचा. ‘क्वीन’ बँडचा ब्रायन मे तर सहा पेनीचं जुनं नाणं वापरतो. ते अजिबात वाकत नाही, आणि त्याच्या कडेचे दाते तारेला घासून स्वराच्या सुरुवातीला एक खरखर देतात. तार कुठे छेडली यालाही तितकंच महत्त्व आहे. ब्रिजजवळ आवाज कडक, मधल्या भोकावर भरीव. मोकळ्या तारेला बाराव्या फ्रेटवर, म्हणजे बरोबर मध्यावर, छेडलं तर सम क्रमांकाचे उपस्वर उमटतच नाहीत आणि आवाज बासरीच्या जवळ जातो. नवा पिक विकत घेण्याआधी हात दोन इंच सरकवून बघावा, असं मी म्हणूनच सांगतो.

पिक कशाचा बनवला आहे, यानेही बराच फरक पडतो. एके काळी उत्तम पिक हॉक्सबिल या समुद्री कासवाच्या कवचाचे असत. ताठ, गुळगुळीत आणि झिजायला चिवट. कवचासाठी या कासवांची एवढी कत्तल झाली की १९७० च्या दशकात त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करावा लागला, आणि ते योग्यच झालं. त्याला पर्याय मात्र फार आधी मिळाला होता. न्यूयॉर्कमध्ये लुइजी डी’आंद्रेआ यांनी १९२२ मध्ये सेल्युलॉइडच्या पत्र्यातून पिक कापायला सुरुवात केली. आज सर्वांत जास्त दिसणारा तिकोनी आकार ‘३५१’ म्हणून ओळखला जातो, तो त्यांच्याच कंपनीचा क्रमांक. सेल्युलॉइडचा आवाज मोकळा असतो, पण ते लवकर झिजतं आणि पेटही घेतं. नायलॉन लवचिक आणि टिकाऊ, मात्र हवेतली ओल शोषून ते किंचित मऊ पडतं. टॉर्टेक्स ज्या डेल्रिनचे असतात त्याचा पृष्ठभाग खडूसारखा कोरडा लागतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत, घामेजल्या बोटांत तो घट्ट राहतो, हा त्याचा मोठा गुण.

हाच प्रश्न आपल्या वाद्यांनी कसा सोडवला, हे गिटार वाजवणाऱ्यानेही बघावं. मिरजेच्या सतारी देशभर जातात. ती सतार ज्या नखीने छेडली जाते ती पोलादी तारेची, उजव्या तर्जनीवर घट्ट बसणारी असते. ती वाकतच नाही. वाकायचं ते तारेनेच. त्यामुळे ‘दा’ आणि ‘रा’ या बोलांमधला सगळा हलका-भारीपणा मनगटातून आणि बोटातूनच आणावा लागतो. सरोदवादक नारळाच्या करवंटीचा जवा वापरतात आणि अनेक जण तो आपल्या हाताला व आवाजाला साजेल असा घासून घेतात. जवाही ताठ असतो. एकेका स्वराला महत्त्व देणाऱ्या संगीताने नखीही न वाकणारी निवडली, यात मला मोठा आधार वाटतो.

एक साधन मात्र विकत घ्यावं लागत नाही: पकड. पिक अंगठा आणि तर्जनीच्या कडेत धरला की त्याचा जेवढा भाग बाहेर राहतो तेवढाच वाकतो, आणि इथेही घनाचा नियम ढोबळमानाने लागू पडतो. बाहेरची लांबी निम्मी केली तर तोच पिक सुमारे आठपट ताठ होतो. माझे विद्यार्थी हे एकाच गाण्यात करायला शिकतात. अंतऱ्यात साथ करताना पिक सैल आणि लांब, मधल्या सोलोला बोटं टोकाकडे सरकवून आखूड. ०.७३ चा किंवा ०.८८ चा पिक अशा दोन्ही कामांना पुरतो. म्हणून नक्की काय वाजवायचं हे अजून न ठरलेल्याला मी यांपैकी एक घ्यायला सांगतो.

निवड करायची माझी रीत साधी आहे. ०.५०, ०.७३, १.०० आणि १.३८ असे चार पिक घ्यायचे. स्वतःची गिटार, तिच्या नेहमीच्या तारा, आणि रोज सर्वांत जास्त वाजवला जाणारा एकच तुकडा. तो आधी हळू, मग जलद. आधी अगदी हलक्या हाताने, मग जोरात. फोन समोर ठेवून रेकॉर्ड करायचं आणि दुसऱ्या दिवशी ऐकायचं, कारण वाजवताना कान हाताच्या सोयीला भुलतात. पैशांची अडचण असेल तर मुदत संपलेलं एटीएम कार्ड कापावं. त्याची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, म्हणजे मध्यम पिकच्या अगदी जवळ. कडा बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत केल्या की ते मजेत चालतं. काही आठवडे वापरलेला पिक उजेडात धरून बघावा. एकच खांदा तिरका झिजला असेल तर हात तारेला किती तिरका भिडतो ते कळतं. टोक पार गोल झालं असेल तर त्याचा आवाजही आता पहिला राहिलेला नसतो, म्हणून मनासारखा पिक सापडला की त्याच जातीचे आणखी काही घेऊन ठेवावेत.

पिक नको, असंही उत्तर येऊ शकतं. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारला बोटं आणि नखंच शोभतात. वेस माँटगोमेरीने तर नुसत्या अंगठ्याने जॅझ गिटारला नवा आवाज दिला. अंगठ्याचं मांस पातळ पिकपेक्षाही मऊ आणि त्यामागचं हाड जाड पिकपेक्षाही ताठ; शेवटी प्रश्न तोच, कोणी किती वाकायचं. एखादा विद्यार्थी ‘कुठला घेऊ’ हे विचारायचं सोडून ‘या गाण्यात ताल पुढे हवा की स्वर’ असं विचारायला लागला, की त्याचा पिक तो स्वतः निवडू शकतो.