जिओकॅशिंग

जिओकॅशिंग हा अक्षांश-रेखांशांच्या आधारे लपवलेली वस्तू शोधण्याचा मैदानी छंद आहे. एक जण पाणी न शिरणाऱ्या डब्यात छोटी नोंदवही घालून तो डबा सार्वजनिक जागी दडवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर जाहीर करतो. इतर लोक जीपीएस यंत्र किंवा स्मार्टफोन घेऊन तेथे जातात, डबा शोधतात, वहीत नाव व तारीख लिहितात आणि डबा होता तसाच पुन्हा दडवून ठेवतात. या खेळात पंच नसतो आणि शोधणाऱ्याला बक्षीसही मिळत नाही. डबा नंतर येणाऱ्या अनोळखी माणसासाठी जागेवर राहील, एवढ्या विश्वासावर सारा व्यवहार चालतो.

नाव

'जिओ' हा पृथ्वीवाचक ग्रीक शब्दांश, तर 'कॅश' हा शब्द लपवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला आहे. उत्तर अमेरिकेतील फरचे व्यापारी व प्रवासी परतीच्या वाटेसाठी जो शिधा दडवून ठेवत, त्याला ते 'कॅश' म्हणत. मराठीत हा शब्द आणि रोख रकमेसाठीचा 'कॅश' हे दोन्ही सारखेच लिहिले जातात. वाचकाचा घोटाळा होऊ नये म्हणून या लेखात लपवलेल्या डब्याला 'ठेवा' म्हटले आहे.

इतिहास

लपवलेली वस्तू शोधत रानोमाळ हिंडण्याची हौस उपग्रहांहून जुनी आहे. इंग्लंडमधील डार्टमूर या माळरानावर १८५४ मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या दुर्गम, दलदलीच्या जागी एक बाटली ठेवली. तेथवर पोचलेले प्रवासी तिच्यात आपल्या नावाचे कार्ड टाकत. त्यातून पुढे 'लेटरबॉक्सिंग' हा छंद रुजला आणि तो आजही चालू आहे. तेथे मात्र जागा सापडते ती शब्दांत दिलेल्या खुणांवरून.

जीपीएस ही अमेरिकी लष्कराची यंत्रणा. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील तिच्या उपग्रहांपैकी किमान चारांचे संकेत मिळाले की यंत्राला आपले स्थान काढता येते. नागरी वापराच्या संकेतात पूर्वी मुद्दाम चूक मिसळलेली असे आणि त्यामुळे स्थान १०० मीटरपर्यंत चुकू शकत असे. एवढ्या परिघात डबा शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे. अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या निर्णयानुसार २ मे २००० रोजी ही चूक मिसळणे थांबले आणि नागरी यंत्रांची अचूकता एका रात्रीत सुमारे दहापट वाढली.

दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर या संगणक सल्लागाराने ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात एक काळी बादली अर्धवट पुरली आणि तिचे स्थान (४५° १७.४६०' उत्तर, १२२° २४.८००' पश्चिम) इंटरनेटवरील एका चर्चागटात कळवले. बादलीत पुस्तके, चित्रफिती, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याच्या उसळीचा एक बंद डबा होता. तीन दिवसांत दोघांनी बादली गाठली. पहिला पोचलेल्या माइक टीगने अशा ठेव्यांची यादी ठेवायला सुरुवात केली. 'जिओकॅशिंग' हे नाव त्याच महिन्यात मॅट स्टम यांनी सुचवले. २ सप्टेंबर २००० रोजी जेरेमी आयरिश यांनी जिओकॅशिंग डॉट कॉम हे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा त्यावर जगभरचे मिळून ७५ ठेवे होते. आज ही संख्या तीस लाखांच्या घरात आहे. एक ठेवा तर पृथ्वीवरही नाही: २००८ मध्ये रिचर्ड गॅरियट यांनी तो आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात ठेवला.

शोध

शोधणाऱ्याने स्थानाचे आकडे काळजीपूर्वक वाचावे लागतात. ते बहुधा अंश, मिनिटे आणि मिनिटाचे हजारावे भाग अशा रूपात दिलेले असतात. अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे सुमारे १.८५ मीटर. रेखांशाचे अंतर विषुववृत्तापासून दूर जाताना घटत जाते. पुण्याच्या अक्षांशावर तोच हजारावा भाग सुमारे १.७५ मीटर भरतो, ऑरेगनमध्ये सुमारे १.३ मीटर. शेवटचा अंक चुकला तर काही पावलांचा फरक पडतो, मिनिटांचा पूर्णांक चुकला तर दुसरेच गाव गाठले जाते.

यंत्र माणसाला ठेव्यापासून काही मीटरांवर आणून सोडते. दाट झाडीत किंवा कड्याच्या पायथ्याशी आकाश झाकले जाते, उपग्रहांचे संकेत खडकावर आपटून उशिरा येतात आणि पडद्यावरचा बाण इकडेतिकडे फिरू लागतो. अशा वेळी यंत्र खिशात घालून डोळ्यांनी शोधणे शहाणपणाचे असते. एखादा दगड वाजवीपेक्षा नीट रचलेला आहे का, ढोलीच्या तोंडाशी सुकी पाटी कोणी मुद्दाम लावली आहे का, हे पाहावे. ये-जा करणाऱ्या माणसांच्या देखत मात्र डबा बाहेर काढू नये. या खेळाबाहेरच्या लोकांना हॅरी पॉटरच्या गोष्टींतून उचललेल्या 'मगल' या शब्दाने ओळखतात.

डब्यात खेळणी, नाणी अशा वस्तू असतील तर एक घेऊन तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवण्याचा रिवाज आहे. ठेवा सापडला नाही तर तशी नोंदही संकेतस्थळावर करावी. नवशिक्यांना तिचा संकोच वाटतो. वास्तविक डबा नाहीसा झाला असावा, हे मालकाला अशा नोंदींवरूनच कळते.

प्रत्येक ठेव्याला शोधाची अवघडता आणि वाटेची खडतरता यांसाठी १ ते ५ असे दोन वेगळे गुण असतात. वाटेला १ म्हणजे चाकाची खुर्चीही पोचेल अशी जागा. ५ म्हणजे होडी, दोर यांसारख्या खास साधनांवाचून न गाठता येणारी.

प्रकार

साध्या प्रकारात दिलेल्या जागीच डबा असतो. टप्प्यांच्या प्रकारात एका जागी पुढच्या जागेचे आकडे मिळतात आणि कोड्याच्या प्रकारात ते आधी घरी बसून सोडवावे लागतात. जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेच्या पुढाकाराने २००४ पासून सुरू झालेल्या 'अर्थकॅश' प्रकारात तर डबाच नसतो. तेथे जाऊन खडक किंवा भूरूप निरखायचे आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पाठवायची. कुकडी नदीच्या पात्रातील निघोजचे रांजणखळगे किंवा लोणारचे विवर यांसारख्या जागांना, जेथे काहीही ठेवून येणे अनुचित आहे, हाच प्रकार शोभतो.

लपवणाऱ्याची जबाबदारी

शोधणे हे एका रविवारचे काम आहे. लपवणाऱ्याला मात्र वर्षानुवर्षे त्या डब्याची देखभाल करावी लागते. म्हणून नवा ठेवा जाहीर होण्याआधी स्वयंसेवक परीक्षक त्याची माहिती तपासतात. जमिनीच्या मालकाची परवानगी लागते. दोन ठेव्यांच्या डब्यांत किमान १६१ मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग, अंतर लागते. डब्यात खाद्यपदार्थ ठेवता येत नाहीत, कारण वासाने जनावरे डबा फोडतात. तो पुरण्यासाठी जमीन खणणेही सर्वसाधारणपणे नियमांत बसत नाही. अल्मर यांची अर्धी पुरलेली, खाद्यपदार्थ घातलेली बादली आजच्या परीक्षकाने परत पाठवली असती.

स्थान नोंदवताना वेगवेगळ्या वेळी जाऊन मोजमाप घ्यावे आणि त्यांची सरासरी काढावी. एकाच मोजणीवर विसंबल्यास पुढच्या सगळ्यांची पायपीट होते. डब्याची निवडही हवामान पाहून करावी. कोरड्या मुलखात जुन्या फिल्मची प्लॅस्टिकची डबी पुरते, पण सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर ती एका पावसाळ्यात ओलावा धरते आणि आतल्या वहीचा लगदा होतो. तेथे रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा, आत प्लॅस्टिकची पिशवी आणि पावसाळ्यानंतर एक फेरी हे किमान आवश्यक आहे.

जागेची निवड चुकल्यास उपद्रव होतो. २०११ मध्ये इंग्लंडमधील वेदर्बी गावात रस्त्यावर दडवलेला डबा संशयास्पद वाटल्याने बॉम्बनाशक पथकाने स्फोट करून तो उडवला. त्यानंतर लपवणाऱ्यांनी डब्यावर तो कशासाठी आहे हे ठळक लिहावे, यावर पुन्हा भर दिला गेला. बेवारस वस्तूला हात लावू नका, हे ज्या मुंबईकरांनी लोकलच्या फलाटांवर आयुष्यभर ऐकले आहे, त्यांना स्थानकाच्या आसपास ठेवा लपवणे का अयोग्य ठरते ते वेगळे सांगायला नको. संरक्षित किल्ले आणि लेणी हाही वर्ज्य प्रदेश मानावा. तटाचा एक सैल दगड डब्यासाठी सोयीचा दिसतो, पण शोधणारा प्रत्येक जण शेजारचे चार दगड हलवून पाहतो. इंग्लंडमध्ये चुन्यावाचून रचलेल्या दगडी कुंपणांचे याच रीतीने नुकसान होत असल्याने तेथील मंडळींनी अशा भिंतींत डबे लपवण्यास मनाई केली आहे.

वारंवारच्या येण्याजाण्याने गवतात नवी पायवाट पडते. ती दिसू लागली की ठेवा काही काळ बंद ठेवतात. पक्ष्यांच्या विणीच्या हंगामातही तसेच करतात. परिसराचे हे ऋण फेडण्यासाठी २००२ पासून जिओकॅशर ठिकठिकाणी कचरा वेचण्याचे उपक्रम करतात.

मालकाला देखभाल जमेनाशी झाली आणि सूचना देऊनही डबा दुरुस्त झाला नाही, तर परीक्षक ठेवा यादीतून कायमचा काढतात. त्याच्या जुन्या नोंदी संकेतस्थळावर वाचायला राहतात. रानातला डबा मात्र मालकाने स्वतः जाऊन उचलून आणायचा असतो. तसे न केल्यास तो कचराच ठरतो.