गाय आली विमानातून!

वाळवंटातून काय निघतं? तेल, गॅस, फार तर खजूर. एवढं आपल्याला शाळेतच कळलेलं असतं. पण दूध? तेही रोजच्या रोज, ताजं, अख्ख्या देशाला पुरेल इतकं? कतारने ते करून दाखवलं, आणि तेव्हा मी नोकरीनिमित्त दोहातच होतो.

५ जून २०१७. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात, बहारीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले. कतारला जमिनीवरून शेजारी एकच, सौदी. ती सीमाच बंद! आणि दोहातलं बहुतेक दूध-दही त्याच रस्त्याने यायचं. त्यात रमजानचा महिना. सुपरमार्केटमध्ये पाय ठेवायला जागा नाही आणि दुधाचे फ्रीज रिकामे.

माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. पुण्याहून आईचा रोज एकच फोन, "अरे, दूध मिळतंय ना तिला?" बायकोने तर परतीच्या तिकिटांचे रेट काढून ठेवले होते. पगार मस्त, गाडी मस्त, पण लेकराच्या दुधाची शाश्वती नसेल तर इथे राहायचं कशाला? आमच्या बिल्डिंगमधल्या घराघरात तेव्हा हीच चर्चा. मग काही दिवसांतच तुर्कस्तानहून विमानाने दूध आलं. खोक्यावरचं अक्षर कळेना, पण चहा झाला!

गाईंची फ्लाइट

दूध विमानाने किती दिवस आणणार? त्यापेक्षा गाईच आणू की! मुताझ अल खय्यात या उद्योजकाने हेच ठरवलं. ४ हजार गाई विमानाने आणायची घोषणा झाली आणि जुलै २०१७ मध्ये १६५ होल्स्टीन गाईंची पहिली खेप बुडापेस्टहून दोहात उतरली. आमच्या ऑफिसात पंधरा दिवस एकच जोक, "आपल्याला कंपनी वर्षातून एकदा तिकीट देते, इथे गाईंची चंगळ आहे!" पुढे गाई जहाजानेही आल्या. कंपनीचं नाव बलदना, म्हणजे 'आपला देश'. आधी तिथे मुख्यतः शेळ्या-मेंढ्याच होत्या. दोन वर्षांत गाईंची संख्या हजारोंत गेली, २०१९ मध्ये कतारचं दूध निर्यातही होऊ लागलं आणि डिसेंबरात कंपनी शेअर बाजारात आली.

दोहाच्या उत्तरेला, अल खोरकडे हा फार्म आहे. वीकेण्डला आम्हीही मुलीला घेऊन गेलो. बाहेर ४५ डिग्री. आत शेडमध्ये भले मोठे पंखे आणि पाण्याचे बारीक फवारे. हे लाड नव्हेत. ही गाय थंड हवेतली. पारा पंचविशीच्या वर गेला की तिचं खाणं कमी होतं आणि पाठोपाठ दूधही. काचेपलीकडे गोल फिरणारा प्लॅटफॉर्म, त्यावर एका वेळी शंभर गाई. एक फेरी होईपर्यंत दूध काढून तयार. मुलीला वाटलं, गाई मेरी-गो-राउंडवर बसल्यात!

हिशेब चाऱ्याचा

खरं तर वाळवंटात डेअरी ही आयडिया नवी नाही. सौदीत अल्मराई ही कंपनी १९७७ पासून आहे. एका सौदी राजपुत्राने आयर्लंडच्या मॅकगकियन बंधूंना सोबत घेऊन ती काढली. दूध भरपूर झालं, पण गाईला खायला काय? लसूणघास. आणि लसूणघासाला लागतं भरमसाट पाणी. जमिनीखालचं, पुन्हा लवकर न भरणारं पाणी उपसून सौदीने तो पिकवला, आणि शेवटी सरकारलाच हिरव्या चाऱ्याची शेती आवरावी लागली. मग २०१४ मध्ये अल्मराईने थेट अमेरिकेतल्या ॲरिझोनात जवळपास १० हजार एकर जमीन घेतली. तिथे घास पिकवायचा आणि बोटीने सौदीला आणायचा. पण ॲरिझोनाही वाळवंटीच! तिथले लोक विचारू लागले, आमचं पाणी तुमच्या गाईंना का? २०२३ मध्ये त्या राज्याने सरकारी जमिनीवरचे भाडेकरार गुंडाळायला सुरुवात केली.

कतारकडे तर नदीच नाही. नळाला येणारं पाणी बहुतेक सगळं समुद्राचं, खारेपणा काढलेलं. त्यासाठी गॅस जाळायचा. गाईंचा बराचसा चारा बाहेरून येतो. आपल्याकडे दारात दोन-चार जनावरं, बांधावरचं गवत आणि सकाळ-संध्याकाळ सोसायटीत दूध घालायचं, असा मामला. तिथे आधी पैसा, मग शेड, मग गाय आणि चारा बोटीतून!

मग हा वेडेपणा का?

माझ्या मते नाही. जानेवारी २०२१ मध्ये सीमा पुन्हा उघडली, पण गाई कुठेच गेल्या नाहीत. इन्शुरन्स आपण काय फायद्यासाठी काढतो? वेळ आली तर हात पसरायला लागू नये म्हणून. त्या जूनमध्ये रिकाम्या फ्रीजसमोर उभं राहिलेल्या कुणालाही हे पटेल. आम्ही दोहात टिकलो त्यातही या दुधाचा वाटा आहे. बायकोने ते तिकिटांचे रेट पुन्हा काढले नाहीत.

फक्त हप्ता कोण भरतंय, ते बघायला हवं. २०२४ मध्ये बलदनाने अल्जीरियात साडेतीन अब्ज डॉलरच्या दूध पावडर प्रकल्पाचा करार केला. कुठे? अद्रार भागात, म्हणजे सहारा वाळवंटात! तिथे दूध निघेलच, पैसा आणि तंत्र दोन्ही आहे. पण त्याचा हप्ता सहाराच्या पोटातल्या पाण्यातून जाणार आहे, आणि तो किती वर्षं भरता येईल हे करार करतानाच विचारलेलं बरं.