मैदान मालकाचे, मास्तर कुणाचा?

फुटबॉल हा गरिबाचा खेळ. एक चेंडू मिळाला की बावीस पोरे खेळतात; बॅट नको, पॅड नको. तरीही आमचा समाज क्रिकेटच्या मागे लागला आणि फुटबॉलकडे आम्ही पाहिलेच नाही. म्हणूनच डेरिक परेरा या गोवेकर माणसाची पुण्यातील कारकीर्द आम्हाला चळवळीच्या वाचकांसमोर ठेवावीशी वाटते. त्यांच्या जातीशी आम्हाला कर्तव्य नाही, कामाशी आहे.

परेरा साळगावकर क्लबचे बचावपटू. भारताकडूनही खेळले. खेळणे थांबल्यावर प्रशिक्षक झाले आणि २००५-०६ साली त्यांच्या हाताखाली मुंबईच्या महिंद्र युनायटेडने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. पुढे २००९ ते २०१३ ते पुणे एफसीचे प्रशिक्षक होते. क्लब २००७ चा, म्हणजे अगदीच कोवळा. आय-लीगच्या पहिल्याच हंगामात तो तिसरा आला आणि २०१२-१३ मध्ये दुसरा. नंतर पुण्याच्याच डीएसके शिवाजियन्सचीही जबाबदारी परेरांनी घेतली.

आणि या क्लबांचे झाले काय? महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद. पुणे एफसी २०१५ मध्ये लीगमधून बाहेर. शिवाजियन्सने २०१७ मध्ये गाशा गुंडाळला. एका मास्तरने घडवलेले तीन संघ धनिकांनी हिशेबाच्या वहीतून खोडून टाकले. खेळाडूंना कुणी विचारले नाही, प्रेक्षकांना तर नाहीच.

मधल्या काळात २०१४ मध्ये झगमगाटासह एफसी पुणे सिटी अवतरली. कोलोंबा, प्लॅट, हबास, पोपोविच, पोर्तुगाल, ब्राउन असे एकामागून एक परदेशी प्रशिक्षक आले. भारतीय माणूस त्या खुर्चीत बसला तो तात्पुरता. २०१९ मध्ये तोही संघ गेला, त्याची जागा हैदराबादला मिळाली. आयएसएलमध्ये भारतीयाला पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक व्हायला २०२१ उजाडावे लागले; ते खालिद जमील, आज देशाच्या संघाचे प्रशिक्षक. त्यांनी २०१७ मध्येच ऐझॉलसारख्या गरीब क्लबला आय-लीग जिंकून दिली होती. मग चार वर्षे कुठली ‘गुणवत्ता’ तपासली जात होती? हा शब्द आमच्या लोकांना चांगला ओळखीचा आहे.

याच पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात बाळू पालवणकर महिना चार रुपयांवर राबत. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. बॅट मात्र हाती मिळत नसे. हिंदूंच्या संघात आले तेव्हा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. पुढे १९३७ मध्ये ते काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले, हे आम्ही विसरलेलो नाही. पण १९११ च्या इंग्लंड दौऱ्यातले त्यांचे शंभराहून अधिक बळी त्यामुळे कमी होत नाहीत.

मालक येतील, जातील. ताडीवाला रोड, कासेवाडी, बोपोडीच्या पोरांना हवे आहे ते रोज संध्याकाळी मोकळे मैदान आणि पगारी मास्तर. महापालिकेने आपल्या शाळांत असे मास्तर नेमावेत, ही आमची मागणी आहेच. पण जयंतीला डीजेवर हजारो रुपये उधळणाऱ्या आमच्या मंडळांनीही यंदा त्यातून वस्तीतल्या दोन मुलामुलींना फुटबॉल महासंघाच्या डी लायसन्स अभ्यासक्रमाला पाठवावे. नावे येत्या १४ एप्रिलच्या आधी ठरवावीत, आणि त्यात एक मुलगी असावीच.