गाळाच्या थरांची चुंबकीय साक्ष

प्रागैतिहासिक स्थळाच्या उत्खननात दगडी हत्यारे सापडली की पहिला प्रश्न त्यांच्या काळाचा येतो. कार्बन-१४ ची पद्धत सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे पोहोचत नाही, आणि भारतातील अश्यूलियन परंपरेच्या हातकुऱ्हाडी त्याहून कितीतरी जुन्या आहेत. अशा वेळी हत्यार ज्या गाळात रुतलेले असते, त्या गाळालाच साक्षीस पाचारण करावे लागते. ही साक्ष काय सांगू शकते व काय सांगू शकत नाही, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

गाळात मॅग्नेटाइट, हेमेटाइट यांसारख्या लोहखनिजांचे सूक्ष्म कण असतात. संथ पाण्यात तळाशी बसताना ते होकायंत्राच्या सुईप्रमाणे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेस वळू पाहतात. प्रत्येक कण पूर्णपणे वळतो असे नाही. परंतु असंख्य कणांचा एकत्रित कल त्या दिशेस असतो, आणि थर घट्ट झाला की तो तेथेच टिकून राहतो. हे क्षेत्र मात्र सदैव आजच्यासारखे नव्हते. आजच्या उलट दिशेने चुंबकित झालेल्या खडकांचे वर्णन बेर्नार ब्रून यांनी १९०६ मध्ये फ्रान्समध्ये केले. मोतोनोरी मातुयामा यांनी १९२९ मध्ये अशा उलटीचा संबंध भूशास्त्रीय काळाशी जोडला. क्षेत्राची शेवटची पूर्ण उलट सुमारे ७ लक्ष ७३ हजार वर्षांपूर्वी झाली. तिच्यापूर्वीचा दीर्घ काळ प्रायः उलट ध्रुवतेचा होता. मात्र सुमारे १० लक्ष ७० हजार ते ९ लक्ष ९० हजार वर्षांपूर्वी ‘जरामिल्यो’ नावाचा सुलट ध्रुवतेचा एक छोटा कालखंड येऊन गेला.

नमुना घेताना त्याची उत्तर दिशा व क्षितिजपातळी नोंदविणे अनिवार्य असते. ती नोंद राहिली तर नमुना निरुपयोगी होतो. पुढे प्रयोगशाळेत तो टप्प्याटप्प्याने तापवून, किंवा प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्रात ठेवून, नंतरच्या काळात चढलेले दुय्यम चुंबकत्व उतरविले जाते. मॅग्नेटाइटचे चुंबकत्व सुमारे ५८० अंश सेल्सिअसला नष्ट होते, हेमेटाइटचे त्याहून जवळजवळ १०० अंश वर. हा भेद महत्त्वाचा आहे. कारण हेमेटाइट पुष्कळदा थर साचल्यानंतर त्याच्या अपक्षयातून निर्माण होते, आणि मग त्याची दिशा थराच्या काळाची नसून अपक्षयाच्या काळाची असते.

भाषेच्या अभ्यासकास या पुराव्याचे स्वरूप अपरिचित वाटू नये. ‘हस्त’पासून ‘हत्थ’ व त्यापासून ‘हात’ या साखळीवरून ध्वनिपरिवर्तनांचा क्रम निश्चित करता येतो; परंतु ती कोणत्या शतकात घडली हे साखळी सांगत नाही. त्यासाठी कालनिर्देश असलेला कोरीव लेख हवा. ध्रुवतेचेही तसेच आहे. प्रयोगशाळेचे उत्तर ‘सुलट’ किंवा ‘उलट’ एवढेच असते. आणि उलटीचे कालखंड एकाहून अधिक असल्यामुळे त्यांतील नेमका कोणता, हे अन्य पुराव्याने ठरवावे लागते.

तमिळनाडूतील अत्तिरमपाक्कम हे याचे उत्तम उदाहरण होय. रॉबर्ट ब्रूस फूट यांच्या १८६३ मधील शोधापासून हे स्थळ प्रसिद्ध आहे. शांती पप्पू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार तेथील अश्यूलियन थरांची ध्रुवता उलट आहे. एवढ्यावरून ते ७ लक्ष ७३ हजार वर्षांहून जुने ठरतात, अधिक काही नाही. परंतु पुरलेल्या दगडी हत्यारांतील अ‍ॅल्युमिनियम-२६ व बेरिलियम-१० यांच्या प्रमाणावरून सरासरी वय सुमारे १५ लक्ष वर्षे आले. तेव्हा हे थर जरामिल्योच्याही पूर्वीचे, म्हणजे किमान १० लक्ष ७० हजार वर्षांचे, असे म्हणता आले. दोन स्वतंत्र साक्षी जुळल्याने निष्कर्षास बळ आले.

पुणे जिल्ह्यातील कुकडीकाठच्या बोरी येथे प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. तेथील ज्वालामुखीय राखेसाठी सुमारे १४ लक्ष, ६ लक्ष ७० हजार व ७५ हजार वर्षे अशी परस्परविरोधी वये सुचविली गेली. आता विचार करावा: राखेलगतच्या गाळाची मूळ ध्रुवता उलट ठरल्यास शेवटची दोन्ही वये बाद होतात, ती सुलट ठरल्यास १४ लक्षांचे वय अडचणीत येते, परंतु उरलेल्या दोहोंत निवड करण्यास ध्रुवता असमर्थ ठरते. शिवाय राख वाहून येऊन दुसऱ्यांदा साचली असेल, तर तिचे वय आणि गाळाचे वय एक मानता येत नाही.

चुंबकीय ग्रहणशीलतेचे मापन ही निराळी बाब आहे. मातीचा वरचा थर खालच्या थरापेक्षा अधिक ग्रहणशील असतो, हे फ्रान्समध्ये ल बोर्न्य यांनी १९५५ मध्ये दाखविले. त्यामुळे गाडली गेलेली जुनी भूपृष्ठे व विस्तवाच्या जागा ओळखण्यास हे मापन उपयोगी पडते. दख्खनच्या नद्यांचा गाळ मात्र बेसाल्टपासून आलेला असल्याने मुळातच मॅग्नेटाइटने समृद्ध असतो. तेथे वाढलेली ग्रहणशीलता मृदेची खूण आहे की केवळ पुराने आणलेल्या जड वाळूची, हे कणांचा आकार तपासल्याखेरीज ठरत नाही.

तात्पर्य, उत्खननाच्या अहवालात ‘उलट ध्रुवता’ हे शब्द आढळल्यास विद्यार्थ्याने दोन गोष्टी विचाराव्यात: हे चुंबकत्व थर साचतानाचे आहे काय, आणि कालखंड निवडण्यास दुसरा कोणता पुरावा दिला आहे? दोहोंची उत्तरे मिळाल्यावरच हत्याराच्या वयाविषयी बोलणे युक्त ठरेल.