भार पडताच आवळणारी गाठ

मराठीने गाठींचे दोन ठळक प्रकार मानले आहेत. एक सुरगाठ, जी टोक ओढताच सुटते. दुसरी निरगाठ, जी ओढावी तितकी अधिकच बसते. घरातील गाठोड्यापासून गोठ्यातील दाव्यापर्यंत आपला नित्याचा व्यवहार ह्या दोघींवर चालतो. परंतु जो मनुष्य साठ-सत्तर फूट उंचीच्या माडावर चढून आपल्यासाठी नारळ पाडतो, त्याला ह्या दोहोंहून निराळी अशी तिसरी गाठ हवी असते. भार नसताना ती हाताने सहज सरकली पाहिजे, आणि देहाचा भार पडताच जागच्या जागी आवळली पाहिजे. झाडावर चढण्याच्या जुन्या-नव्या साधनांचा इतिहास म्हणजे बव्हंशी ह्या एका गुणाचा शोध होय.

गोमंतकात आणि कोकणपट्टीत नारळ उतरविणाऱ्यास पाडेली म्हणतात. दर दीड-दोन महिन्यांनी तो बागेत येतो आणि एका दिवसात कित्येक माड चढून उतरतो. सूर काढणाऱ्या रेंदेराचे काम त्याहून कष्टाचे. त्याला पोय तासण्यासाठी व सूर उतरविण्यासाठी तेच माड रोज, आणि तेही दिवसातून दोन-तीनदा चढावे लागतात. पावसाळ्यात खोडावर शेवाळ चढते, पण पोय थांबत नाही. म्हणून चढणाराही थांबत नाही.

त्याचे परंपरागत साधन अगदी साधे असते. सुंभाचे किंवा वेलीचे एक कडे दोन्ही पावलांत अडकवायचे आणि तळवे खोडाच्या दोन बाजूंना टेकवायचे. कड्यामुळे पावले फाकत नाहीत. देहाचा भार जितका खाली येतो, तितके तळवे खोडाला अधिक दाबले जातात आणि घर्षणाने पकड बसते. तेलंगणातील ताडी काढणारे मोकू नावाचा जाड दोर खोडाभोवती व आपल्या कमरेमागून घेतात. मागे रेलले की तो ताणला जातो. शरीर खोडाकडे नेले की सैल होतो, मग तो वर सरकवायचा. तिसऱ्या गाठीचे तत्त्व येथेही आहेच. फक्त गाठीच्या ठिकाणी माणसाचे शरीर आहे.

आणि नेमके तेच ह्या पद्धतीचे मर्म व वैगुण्य आहे. पाऊल निसटले, घेरी आली किंवा गांधीलमाशीने डंख केला की पकड शरीराबरोबरच सुटते. शेंड्याशी पोहोचल्यावर झावळ्यांत शिरण्यासाठी कमरेचा दोरही पुष्कळदा सोडावा लागतो. सर्वांत उंच जागी, हातात कोयता असताना, मनुष्य कशालाही बांधलेला नसतो.

पाय टेकायला खोडावर खाचा पाडण्याची रीत ह्यावर उपाय म्हणून रूढ झाली. पण ती झाडाच्या मुळावर येते. आंबा-फणसाच्या सालीखाली वाढीचा एक जिवंत थर असतो, त्यामुळे जखमेवर हळूहळू नवी साल धरते. माडाला असा थर नाही. त्याच्या खोडावर पडलेली खाच जन्मभर तशीच राहते. तिच्यात पाणी मुरते, कूज शिरते आणि सोंड्या भुंग्याला अंडी घालण्यास आयती जागा मिळते. बुटांना लोखंडी काटे लावून जिवंत झाडावर चढू नये, असा जो वृक्षतज्ज्ञांचा दंडक आहे, त्याचेही कारण हेच. ते काटे केवळ तोडून टाकावयाच्या झाडासाठी.

मग ती तिसरी गाठ कोणती? १९३१ साली कार्ल प्रुसिक ह्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने एक युक्ती प्रसिद्ध केली. जाड दोरावर बारीक दोरीच्या फासाचे तीन वेढे घालावेत. भार नसताना ते सरकतात, भार पडताच दोर घट्ट धरतात. पुढे झाडावर काम करणाऱ्यांत १९९४ पासून ब्लेकची गाठ प्रसिद्ध झाली. तिच्यात दोराचे टोक मुख्य दोराभोवती चार वेढे वर नेऊन खाली आणतात आणि तळच्या दोन वेढ्यांच्या आतून काढतात. ते टोक निसटू नये म्हणून त्याला आणखी एक गाठ मारणे अनिवार्य असते.

ह्या वेढ्यांत जादू नाही, गणित आहे. वेढ्यांची संख्या बेरजेने वाढली तरी पकड गुणाकाराने वाढते. घर्षणांक ०.३ धरला, तर खांबाभोवती दोराचा एक पूर्ण वेढा हाताच्या ओढीच्या सुमारे साडेसहा पट भार पेलतो आणि दोन वेढे सुमारे त्रेचाळीस पट. होडी खुंट्याला बांधणारा नावाडी हे गणित न शिकता जाणतो.

आंबा, फणस, चिंच अशा फांद्यांच्या झाडावर मुख्य खोडाजवळच्या भक्कम बेचक्यातून दोर टाकून ही गाठ वापरता येते. माडाला फांदीच नाही. तेथे कमरेच्या व मांड्यांच्या पट्ट्याला जोडलेला, खोडाभोवती फासासारखा आवळणारा दोर उपयोगी पडतो. पाय सुटले तरी तो खोडावरून घसरत नाही, कारण खाली ओढ बसताच तो आवळतो. दोर मात्र चढाईसाठीच बनविलेला असावा. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, अशी म्हण असली तरी पावसात कुजलेल्या सुंभावर जीव टांगता येत नाही. नायलॉनही निर्धोक नव्हे: फार वेगाने उतरल्यास घर्षणाच्या उष्णतेने त्याचे तंतू वितळू लागतात.

शिडीचेही शास्त्र आहे. जितकी उंची, तिच्या एक चतुर्थांश अंतरावर शिडीचा पाय असावा आणि वरचे टोक झाडाला बांधावे. जी फांदी तोडावयाची तिलाच शिडी टेकविणे हा घातक प्रमाद होय. टोक तुटताच हलकी झालेली फांदी वर उसळते आणि शिडी निराधार होते. खालून काम होत असेल तर चढूच नये. आंबे उतरविण्यासाठी कोकणात झेला वापरतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्याची ‘नूतन झेला’ ही सुधारलेली आवृत्ती दिली.

माडासाठी यंत्रही निघाले आहे. केरळातील चेम्बेरी येथील जोसेफ ह्या शेतकऱ्याने दोन चौकटींचे साधन बनविले. प्रत्येक चौकटीची तारेची दोरी खोडाला वेढते. पायाचा भार पडताच ती आवळते, पाय उचलताच सैल होते. म्हणजे पुन्हा तीच तिसरी गाठ! नारळ विकास मंडळाने २०११ साली ‘नारळवृक्षाचे मित्र’ हा प्रशिक्षणाचा उपक्रम सुरू केला, तेव्हा यंत्राने चढणे शिकविण्यावर भर दिला. वडिलांचा धंदा नको म्हणणारे तरुण, आणि ज्यांना पूर्वी कोणी चढू दिले नाही अशा स्त्रियाही, त्यामुळे ह्या कामात आल्या. तेलंगण शासनाने २०२४ मध्ये ताडी काढणाऱ्यांना ‘काटमय्या रक्षा कवच’ नावाचा सुरक्षासंच देण्यास आरंभ केला.

तरीही बहुतेक परसांतून पाडेली जुन्याच कड्यावर चढतो, आणि आपण खाली उभे राहून नारळ मोजतो. दर माडामागे किती घेणार हे आपण विचारतो, दोर कधीचा आहे हे विचारीत नाही. वास्तविक माड आपला, नारळ आपले. मग जोखीम तेवढी एकट्या त्याची कशी? पट्टा आणि दोर ह्यांचा खर्च शेजारच्या चार घरांनी वाटून घेतला तर कोणासही जड जाऊ नये. ओल्या खोडावर चढण्याची घाई करू नये. तो वर असेतो खाली एक जाणता मनुष्य थांबावा. कारण पट्ट्यात निश्चेष्ट लोंबकळत राहणे हेही थोड्याच वेळात जिवावर बेतते. आणि कोणतीही गाठ छापील वर्णनावरून झाडावर आजमावू नये. ती जाणत्याकडून, जमिनीवर, हात आपोआप चालू लागेपर्यंत शिकावी.

पाडेल्याच्या कसबाचे आपण कौतुक पुष्कळ करतो. पण कसब थकते, वय होते, पाऊल ओले होते. त्या वेळी भार घेणारा दोर त्याच्या कमरेला असावा, इतकी तजवीज माडाच्या धन्याने करावयाची आहे.